बहुक्रीडा स्पर्धांमधलं टेनपिन बोलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशियाई स्पर्धा, पॅन अमेरिकन किंवा वर्ल्ड गेम्स (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) जवळ आले की हे प्रश्न हमखास येतात. बहुतेकांनी बोलिंग एखाद्या वाढदिवसाला तरी खेळलेलं असतं, त्यामुळे नियम ठाऊक आहेत असं वाटतं आणि मग मोठ्या स्पर्धेचा गुणफलक बघून गोंधळ उडतो. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे मॉलमध्ये खेळतात तेच बोलिंग ना?

खेळ तोच आणि मापंही तीच. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. लेनची रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, आणि ती ३९ अरुंद पट्ट्यांमध्ये मोजली जाते. पिन १५ इंच उंच आणि दीड किलोहून किंचित जड. दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात आणि शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये १२ इंचांचं अंतर असतं. खरा फरक तीन ठिकाणी आहे: लेनवरचं तेल (प्रश्न ११), खेळाडूंचे चेंडू (प्रश्न १३) आणि निकाल लावण्याची पद्धत (प्रश्न ६ ते ८).

२. बर्मिंगहॅमला भारताच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं ते यातच ना?

नाही, ते लॉन बोल्स. तो हिरवळीवर खेळला जाणारा वेगळा खेळ आहे. एका बाजूला कललेले गोळे घरंगळवत छोट्या 'जॅक'च्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे असतात, पाडायचं काही नसतं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं महिलांच्या फोर्सचं, म्हणजे चौघींच्या संघाचं सुवर्ण त्या खेळातलं आहे. गोंधळ वाढायला आणखी एक कारण घडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्ल्ड गेम्स भरले होते, आणि तिथे टेनपिन बोलिंग होतं. शहराचं नाव एक, वर्ष एक, खेळ दोन.

३. ऑलिंपिकमध्ये बोलिंग कधी होतं का?

पदकाचा खेळ म्हणून कधीच नव्हतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते प्रदर्शनीय खेळ म्हणून एकदा झालं. बारा पुरुष आणि बारा महिला खेळले. पुरुषांत यजमान दक्षिण कोरियाचा क्वोन जोंग-युल आणि महिलांत फिलिपिन्सची एरियान सेर्देन्या पहिली आली. ही पदकं अधिकृत तालिकेत धरली जात नाहीत. म्हणूनच फिलिपिन्सचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण म्हणून टोकियोतल्या वेटलिफ्टर हिडिलिन डियाझचं नाव घेतात, सेर्देन्याचं नाही.

टोकियो २०२० साठी यजमानांना जादा खेळ सुचवायची मुभा होती. २०१५ मध्ये आठ खेळांची जी छोटी यादी झाली तिच्यात बोलिंग होतं. अंतिम पाच निवडले गेले तेव्हा मात्र बेसबॉल-सॉफ्टबॉल, कराटे, स्केटबोर्डिंग, क्लायंबिंग आणि सर्फिंग आत गेले आणि बोलिंग बाहेर राहिलं.

४. इतके लोक खेळतात, तरी ऑलिंपिक का घेत नाही?

मान्यतेचा अडसर नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला १९७९ मध्येच मान्यता दिली आहे. (संघटनेचं नाव आधी एफआयक्यू होतं, मग वर्ल्ड बोलिंग झालं आणि आता इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन आहे. जुन्या बातम्या वाचताना हे लक्षात असू द्या.) ऑलिंपिकमध्ये जागा मर्यादित असते आणि प्रत्येक नवा खेळ तरुण प्रेक्षक किती आणेल हे पाहिलं जातं.

माझं मत विचाराल तर बोलिंगची खरी अडचण पडद्यावरची आहे. या खेळातला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी, म्हणजे लेनवरचं तेल, कॅमेऱ्यात दिसतच नाही. एका खेळाडूचा चेंडू पिनांमधल्या नेमक्या 'खिशात' (प्रश्न ११) जातो, दुसऱ्याचा जात नाही, आणि का ते प्रेक्षकाला कळत नाही. उंच उडीत आडवी काठी दिसते, इथे अडथळा पारदर्शक आहे.

५. मग नेमकं कोणत्या स्पर्धांमध्ये असतं?

आशियाई स्पर्धेत १९७८ ला बँकॉकमध्ये बोलिंग पहिल्यांदा आलं. १९८२ च्या दिल्लीत नव्हतं, १९८६ च्या सोलमध्ये होतं, १९९० च्या बीजिंगमध्ये पुन्हा नव्हतं. १९९४ च्या हिरोशिमापासून २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांगपर्यंत सलग खेळलं गेलं आणि हांगझोऊमध्ये वगळलं गेलं. वर्ल्ड गेम्समध्ये ते १९८१ च्या पहिल्याच आवृत्तीत, सँटा क्लारा इथे होतं. पॅन अमेरिकनमध्ये १९९१ च्या हवानापासून आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत फक्त एकदा, १९९८ ला क्वालालंपूरमध्ये. तिथे महिला एकेरी ऑस्ट्रेलियाच्या कारा हनीचर्चने जिंकली. आग्नेय आशियाई स्पर्धा, डेफलिंपिक आणि स्पेशल ऑलिंपिकमध्येही हा खेळ असतो.

हे आत-बाहेर होणं यजमानांवर अवलंबून असतं. ज्यांच्याकडे दर्जेदार बोलिंग सेंटर आणि पदकाची आशा दोन्ही असतात ते बोलिंग ठेवतात. मलेशियाने १९९८ ला ते का घेतलं याचं उत्तर यातच आहे.

६. किती प्रकार असतात? बॅडमिंटनसारखं एकेरी-दुहेरीच का?

पूर्ण कार्यक्रम असेल तर एकेरी, दुहेरी, तिघांचा संघ (ट्रायोज), पाचांचा संघ, ऑल इव्हेंट्स आणि मास्टर्स. पुरुष आणि महिला धरून १२ सुवर्णपदकं. २०१४ च्या इंचॉनमध्ये असंच होतं. २०१८ ला कात्री लागली आणि ट्रायोज, सहा जणांचा संघ आणि मास्टर्स एवढंच उरलं, म्हणजे १२ ची ६ सुवर्णं झाली. त्यामुळे दोन आवृत्त्यांमधल्या एखाद्या देशाच्या पदकांची थेट तुलना करू नका.

बॅडमिंटनशी साम्य नावापुरतंच. एकेरीत समोर प्रतिस्पर्धी उभा करून बाद फेरी खेळवत नाहीत. प्रत्येकजण सहा गेम टाकतो आणि पाडलेल्या पिनांची बेरीज करून क्रम लागतो. दुहेरीत दोघांची बेरीज, ट्रायोजमध्ये तिघांची. एका गेममध्ये जास्तीत जास्त ३०० (प्रश्न १०), म्हणून सहा गेममध्ये सैद्धांतिक कमाल १८००. सरासरी २२० ठेवणारा १३२० वर पोहोचतो, आणि अवघड तेलावर तो आकडा बहुतेक वेळा वरच्या घोळक्यात असतो.

७. ऑल इव्हेंट्सचा सामना कधी दाखवतात? वेळापत्रकात सापडत नाही.

सापडणार नाही, कारण तो वेगळा खेळवतच नाहीत. एकेरी, दुहेरी, ट्रायोज आणि पाचांचा संघ या चारही प्रकारांत खेळाडूने स्वतः टाकलेल्या २४ गेमची बेरीज म्हणजे ऑल इव्हेंट्स. संघाचं शेवटचं चक्र संपलं की पदक जाहीर होतं. दुहेरीत जोडीदार ढेपाळला म्हणून पदक हुकलं, तरी तुमच्या वैयक्तिक पिना वाया जात नाहीत, त्या इथे मोजल्या जातात.

मला हे या खेळातलं सगळ्यात प्रामाणिक पदक वाटतं. एक दिवस हात चालला म्हणून ते मिळत नाही.

८. मास्टर्स म्हणजे वयस्कर खेळाडूंची स्पर्धा का?

नाही, इथे वयाचा संबंध नाही. आधीच्या प्रकारांमधली वैयक्तिक बेरीज पाहून वरचे खेळाडू (आशियाई स्पर्धेत सोळा) मास्टर्सला जातात. एका देशाचे किती जण घ्यायचे यावर मर्यादा असते, म्हणून कधी कधी नववा-दहावा खेळाडू बाहेर राहतो आणि अठरावा आत येतो. इथे मात्र समोरासमोर सामने होतात. प्रत्येकजण इतरांशी एकेक गेम खेळतो, आणि जिंकणाऱ्याच्या खात्यात पाडलेल्या पिनांशिवाय १० बोनस पिना जमा होतात. २४५ टाकून हरलेला आणि १९० टाकून जिंकलेला असे दोघे एकाच फेरीत दिसतात आणि तरीही हरलेला पुढे असू शकतो.

शेवटी पहिल्या तिघांची शिडी लागते: तिसरा विरुद्ध दुसरा, आणि त्यातला विजेता पहिल्याविरुद्ध. दिवसभर आघाडीवर असलेला शेवटच्या टप्प्यात सुवर्ण गमावू शकतो. टीव्हीला हे आवडतं, खेळाडूंना फारसं नाही.

९. लक्षात ठेवण्यासारखी नावं कोणती?

आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरिया. हुआंग सन-ओकने २०१० च्या ग्वांगझूमध्ये चार सुवर्णं घेतली, ली ना-यंगने २०१४ ला इंचॉनमध्ये चार. सिंगापूरच्या रेमी ओंगने २००२ च्या बुसानमध्ये तीन जिंकली. त्याच बुसानमध्ये फिलिपिन्सचा पाएंग नेपोमुसेनो आणि आर. जे. बाउतिस्ता यांनी पुरुष दुहेरी जिंकली.

१०. गुण कसे मोजतात? आणि काही ठिकाणी स्ट्राइकला थेट ३० कसे देतात?

दोन पद्धती वापरात आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

जुनी पद्धत: एका गेममध्ये दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पाडल्या तर स्ट्राइक, म्हणजे १० अधिक पुढच्या दोन चेंडूंच्या पिना. दोन चेंडूंत दहा पाडल्या तर स्पेअर, म्हणजे १० अधिक पुढच्या एका चेंडूच्या पिना. काही उरल्या तर पाडल्या तेवढ्याच. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाल्यास जादा चेंडू मिळतात, म्हणून ३०० साठी सलग बारा स्ट्राइक लागतात.

नवी पद्धत: स्ट्राइक म्हणजे सरळ ३०. स्पेअर म्हणजे १० अधिक त्याच फ्रेममधल्या पहिल्या चेंडूच्या पिना. जादा चेंडू नाहीत, ३०० साठी दहा स्ट्राइक पुरतात. फ्रेम संपली की तिचे गुण पक्के झाले, पुढच्या चेंडूची वाट पाहायची नाही.

कमाल दोन्हीकडे ३०० असली तरी मधले आकडे सारखे नसतात. समजा एखाद्याने एका गेममध्ये पाच स्ट्राइक आणि पाच स्पेअर केले, आणि स्ट्राइक नसलेल्या प्रत्येक वेळी पहिल्या चेंडूत नऊ पाडल्या. स्ट्राइक-स्पेअर असे आलटून पालटून आले तर जुन्या पद्धतीत १९९ होतात. आधी पाचही स्ट्राइक सलग आणि मग पाच स्पेअर असं झालं तर २३४. नव्या पद्धतीत दोन्ही वेळा २४५. म्हणजे जुनी पद्धत सलग मारणाऱ्याला बक्षीस देते, आणि नव्या पद्धतीत ते बक्षीसच नाही.

नवी पद्धत प्रेक्षकाला पटकन समजते यात शंका नाही. पण एका स्ट्राइकमागे दुसरा, तिसरा लागत जातो तेव्हा वाढणारा दाब हा या खेळाचा जीव आहे, आणि ती पद्धत नेमका तोच काढून घेते असं मला वाटतं. बातमीत एखादा मोठा आकडा दिसला तर त्या स्पर्धेत कोणती पद्धत होती हे आधी पाहा, मगच थक्क व्हा.

११. सगळे तेलाबद्दल का बोलतात? लेन तर कोरडीच दिसते.

दिसते कोरडी, पण असते तेलकट. यंत्राने लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा अतिशय पातळ थर देतात. शेवटचा भाग, जिथे पिना असतात, कोरडा ठेवतात. तेलावर चेंडू घसरत जातो. कोरड्या भागात पोहोचला की पकड मिळते आणि फिरकी दिलेला चेंडू वळतो. हे वळण म्हणजे हुक. (पिनांचे क्रमांक पुढून मागे आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे मोजतात.) उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या 'खिशात' तिरका शिरायला हवा असतो, डावखुऱ्याला पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये. उजव्या हाताच्या आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात. सरळ चेंडूला तो कोन मिळत नाही, म्हणून या पातळीवर स्ट्राइकसाठी सरळ टाकणारा जवळपास कुणी दिसत नाही.

तेल किती फुटांपर्यंत आणि कोणत्या पट्टीवर किती, या आराखड्याला पॅटर्न म्हणतात. मोठ्या स्पर्धांत बहुधा आखूड किंवा मध्यम आणि लांब असे वेगवेगळे पॅटर्न ठेवतात, म्हणजे एकाच पद्धतीने खेळणाऱ्याला सूट मिळत नाही. खेळाडूंचा एक ठोकताळा आहे: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. उत्तर येईल त्या पट्टीच्या आसपास चेंडूने वळायला सुरुवात करावी. ४१ फुटांचा पॅटर्न असेल तर कडेपासून दहावी पट्टी. आखूड पॅटर्नवर कडेला जाऊन खेळावं लागतं, लांब पॅटर्नवर आतून.

आणि हे तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक चेंडू थोडं तेल उचलतो, थोडं पुढे ओढतो. पहिल्या गेमला जी रेषा अचूक होती ती तिसऱ्या गेमला फसते. तेव्हा खेळाडू उभं राहायची जागा बदलतो, चेंडू बदलतो किंवा वेग बदलतो. हे बदल कोण आधी ओळखतो यावर पदकं ठरतात. डावखुऱ्यांची संख्या कमी असल्याने त्यांच्या बाजूचं तेल उशिरा मोडतं. कधी त्यांना याचा फायदा होतो, कधी तोटा, आणि वाद मात्र कायम होतो.

१२. मी सेंटरवर १८०-१९० सहज करतो. हे लोक २१० करून पदक घेतात. मग फरक तो काय?

फरक पॅटर्नचा. नेहमीच्या सेंटरवर तेल मध्ये भरपूर आणि कडेला अगदी कमी असतं. चेंडू जरा बाहेर गेला तर कोरड्या भागातून परत वळून येतो, आत गेला तर तेलावर टिकतो. लेनच तुमची चूक सांभाळून घेते. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये मध्यभाग आणि कडा यांतला फरक मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दोन पट्ट्या चुकलात की खिसा चुकतो, आणि मग ७-१० सारखी फूट (स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना) समोर उभी राहते. सेंटरवर १९० ची सरासरी असणारा त्या पॅटर्नवर आला तर आकडा चांगलाच खाली येतो. तेल कसं वागतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१३. एकेका खेळाडूकडे इतके चेंडू का?

चेंडूचं कमाल वजन १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलो, आणि व्यास साधारण साडेआठ इंच. किमान वजन ठरलेलं नाही. बाहेरून सगळे सारखे दिसले तरी आतला गाभा आणि वरचं आवरण वेगळं असतं. कुणी लवकर पकड घेतो, कुणी लांब घसरून एकदम वळतो. तेल बदललं की चेंडू बदलायचा. जवळपास प्रत्येकाकडे एक साधा प्लास्टिकचा चेंडूही असतो. तो वळत नाही, म्हणून कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला उपयोगी पडतो.

चेंडू स्पर्धेआधी तपासून नोंदवावे लागतात. सामना चालू असताना चेंडूचा पृष्ठभाग घासून खडबडीत किंवा गुळगुळीत करायला बंदी आहे. जे करायचं ते आधी.

१४. दोन्ही हातांनी टाकणं नियमात बसतं का?

बसतं. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटे याच पद्धतीने जगातल्या अव्वल खेळाडूंत पोहोचला. आता तरुण खेळाडूंमध्ये ही शैली इतकी रुळली आहे की प्रश्न उलटा यायला हवा.

१५. खेळाडू दर वेळी शेजारच्या लेनवर का जातात?

प्रत्येक खेळाडूला लेनची जोडी मिळते आणि तो एक फ्रेम डाव्या, एक उजव्या लेनवर खेळतो. गेम संपला की पुढच्या जोडीवर जातो. दोन लेनवरचं तेल कधीच अगदी सारखं मोडत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला बऱ्या-वाईट लेन याव्यात म्हणून ही फिरती.

१६. सकाळी आमचा खेळाडू पहिला होता, संध्याकाळी पदकात नाही. त्याने तर पुढे काही खेळलंच नाही!

तेच तर कारण. खेळाडू जास्त आणि लेन कमी असल्याने एकेक प्रकार गटांत, म्हणजे स्क्वॉडमध्ये खेळवतात. सकाळचा स्क्वॉड संपल्यावर दिसणारा क्रम अर्धाच असतो. दुसऱ्या स्क्वॉडआधी लेन साफ करून नव्याने तेल देतात, त्यामुळे परिस्थिती कागदावर सारखी असते. दोन्ही स्क्वॉड संपेपर्यंत अभिनंदनाचे मेसेज थांबवा.

१७. फाऊल कधी होतो?

चेंडू सोडताना किंवा सोडल्यावर खेळाडूच्या शरीराचा भाग फाऊल लाइनपलीकडे टेकला की. मोठ्या स्पर्धांत रेषेवरचा सेन्सर दिवा लावतो. त्या चेंडूत पडलेल्या पिना शून्य धरतात, पण चेंडू मोजला जातो. पहिल्या चेंडूवर फाऊल झाला आणि दहाही पडल्या, तर दहा पिना पुन्हा उभ्या करतात. दुसऱ्या चेंडूत सगळ्या पाडल्या तर तो स्ट्राइक नाही, स्पेअर.

१८. बरोबरी झाली तर?

ते त्या स्पर्धेच्या नियमावलीवर ठरतं. समोरासमोरच्या सामन्यात बरोबरी सोडवायला जादा फ्रेम टाकायला लावतात. एकूण पिनांवर ठरणाऱ्या प्रकारांत पदक वाटून देण्याची तरतूदही असू शकते.

१९. मन शांत ठेवणारी औषधं चालतात का?

नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकरवर बंदी आहे, म्हणून हा प्रश्न येतो. बोलिंगही पूर्वी त्या यादीत होतं, नंतर वगळलं गेलं. बाकी उत्तेजकविरोधी नियम इतर खेळांसारखेच लागू आहेत.

२०. पिन हलली पण पडली नाही, भिंतीला टेकली, गटरातून उसळलेल्या चेंडूने पडली... काय धरायचं?

पिन सरकली पण उभी राहिली तर ती उभीच. दुसरा चेंडू तिच्या नव्या जागेवर टाकायचा. पिन लेनबाहेर उडून परत आली आणि उभी राहिली तरी ती उभीच धरतात. खेळाडूचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. बाजूच्या भिंतीला टेकून कललेली पिन मात्र पडलेली. दुसरी पिन भिंतीवरून उसळून आली आणि तिने पाडली तर मोजतात. चेंडू गटरात जाऊन उसळला किंवा मागच्या गादीवरून परत आला आणि त्याने पाडली तर मोजत नाहीत.

२१. यंत्राने पिना चुकीच्या लावल्या आणि खेळाडूने चेंडू टाकलाच, तर?

इथे दोन प्रसंग वेगळे आहेत आणि निर्णय उलटे. पिना दहा आहेत पण एखादी जागेवरून थोडी सरकलेली आहे, आणि हे चेंडू टाकल्यावर लक्षात आलं, तर चेंडू आणि पडलेल्या पिना दोन्ही मोजतात. टाकण्याआधी बघून पिना पुन्हा लावून मागणं हे खेळाडूचं काम. पण एखादी पिन लावलेलीच नव्हती आणि ते लगेच निदर्शनास आणलं, तर तो चेंडू रद्द. पिना नीट लावून खेळाडू पुन्हा टाकतो, मग आधीचा कितीही सुंदर गेला असला तरी.